पायांची विद्या

भरलेली ट्रॉली उलटी घेता येते का, एवढंच आमच्या केदारखेड्यात नव्या ड्रायव्हरला विचारायचे. पुढे काय, कोणीही नेतो. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, जवळून वाहणारी पूर्णा, आणि सुगीत कापसाने नाहीतर मक्याने भरलेल्या ट्रॉल्या अरुंद गल्लीतून घराच्या दारापर्यंत मागे घ्यायच्या. पुढे ओढताना ट्रॉली शहाण्यासारखी ट्रॅक्टरच्या मागून येते. मागे ढकलायला लागलं की तिची अक्कल फिरते. इंचभर तिरकी झाली की आपण होऊन सरळ होत नाही, तिरकेपणा वाढतच जातो. नवखा माणूस स्टिअरिंगशी झटापट करेपर्यंत ती काटकोनात येऊन अडकलेली असते. जाणता ड्रायव्हर मान मागे वळवून बसतो. ट्रॉली कुठे सरकणार हे त्याला ती सरकायच्या आधी कळतं आणि त्याचा हात चार बोटं हलतो. बघणारी पोरं म्हणतात, ह्यानं तर काहीच केलं नाही.

ज्या विमानांबद्दल हे पुस्तक आहे ती धावपट्टीवर उलट्या घेतलेल्या ट्रॉलीसारखी वागतात. त्यांची दोन मोठी चाकं पुढे, पंखांखाली असतात आणि तिसरं, लिंबाएवढं नाही पण नारळाएवढं, शेपटीखाली. टेलव्हील म्हणतात, विमानाला टेलड्रॅगर म्हणतात. मी शेपटीचं चाक म्हणतो. अशा विमानाचं वजन मोठ्या चाकांच्या मागे पडतं. त्यामुळे जमिनीवर धावताना नाक जरा डावीकडे गेलं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि वळण आणखी आवळतं. वेळीच आवरलं नाही तर विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं. त्याला ग्राउंड लूप म्हणतात. आजच्या बहुतेक विमानांचं तिसरं चाक नाकाखाली असतं, वजन मोठ्या चाकांच्या पुढे पडतं आणि चूक झाली तरी विमान आपसूक सरळ व्हायला बघतं. सोय झाली, यात वाद नाही. पण त्या सोयीबरोबर वैमानिकाचे पाय झोपी गेले, आणि हे पुस्तक लिहायचं कारण ते झोपलेले पाय आहेत.

ज्यांनी कधी विमान चालवलेलं नाही, चालवणारही नाहीत, अशा वाचकांसाठी दोन शब्द आधी सांगतो. माझ्या गावातले निम्मेअधिक वाचक तेच असणार. छोट्या विमानात हातात एक दांडा असतो, त्याला स्टिक म्हणतात. तो मागे ओढला की नाक वर, पुढे ढकलला की नाक खाली, बाजूला कलवला की विमान त्या बाजूला कलतं. पायांखाली दोन पेडल असतात. ती शेपटीवरचं उभं सुकाणू, म्हणजे रडर, हलवतात. उजवं दाबलं की नाक उजवीकडे. इथपर्यंत ऐकून माणूस म्हणतो, म्हणजे वळायला रडर. नाही. विमान वळतं ते कलल्यामुळे, सायकल वळते तसं. मग रडर कशाला? तर विमान डावीकडे कलवायला उजवा पंख वर उचलावा लागतो. उचललेल्या पंखाला हवा जास्त अडते, म्हणून तो मागे खेचला जातो आणि नाक हट्टाने उजवीकडे, म्हणजे नेमकं उलट्या बाजूला, वळतं. हा हट्ट मोडायला डावा पाय लागतो. पाय दिला नाही तर विमान हवेत तिरकं घसरत वळतं, जसा डांबरी रस्त्यावर बैल एकीकडे नि गाडीचं मागचं दुसरीकडे.

पूर्णेच्या काठावर दुपारी घारी फिरतात. तापल्या रानावरून वर चढणाऱ्या हवेत पंख न हलवता गोल गोल चढतात. कधी बसून फक्त त्यांच्या शेपटीकडे पाहा. पंख स्थिर दिसतात, पण दुभागलेली शेपटी सारखी डावी-उजवी पिळली जात असते, क्षणभरही गप्प नसते. चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना पायांचं काम समजावून सांगायला फळा-खडू वापरला. घार दाखवायला हवी होती.

स्टिक आणि रडर ही जोडी इंग्रजीत वाक्प्रचार म्हणून रूढ झाली ती वोल्फगांग लांगेविशे यांच्या 1944 सालच्या पुस्तकामुळे. पुस्तकाचं नावच 'स्टिक अँड रडर'. वैमानिकांच्या अनेक पिढ्या ते वाचत आल्या. त्यातला मुख्य मुद्दा असा की पंख विमान तोलतो कारण तो समोरून येणारी हवा खाली लोटतो, आणि लोटण्याची ही किमया पंख हवेला किती तिरका भिडतो यावर ठरते. तिरकेपणा हळूहळू वाढवत नेला की उचल वाढते. पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे गेलं की पंखावरून जाणारी हवा पंख सोडून देते आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. गाडीचं इंजिन बंद पडतं त्या स्टॉलशी याचा काही संबंध नाही. इंजिन जोरात चालू असताना पंख स्टॉल होतो. आणि खरी मेख पुढे आहे. विमान पडायला लागलं की माणसाचा हात दांडा मागे ओढतो. जीव वाचवायला ओढतो. ओढल्याने तिरकेपणा आणखी वाढतो आणि स्टॉल घट्ट होतो. सोडवायचं असेल तर नाक खाली ढकलायचं, जमीन जिथून वर येताना दिसते तिकडेच. शरीराला हे पटत नाही. पुस्तक वाचूनही पटत नाही.

माझ्या शरीराला पहिला धडा तिफणीने दिला होता, हे मला फार उशिरा उमगलं. आठवीत असेन. रब्बीच्या पेरणीत आजोबांनी रुमणं माझ्या हातात दिलं. मागे आजी चाड्यावर मूठ धरून चालत होती. मी बैलांच्या पायांकडे, फणाकडे, काकराकडे बघत तास सरळ ठेवायचा आटापिटा करत होतो आणि तास सापासारखा चालला होता. आजोबा बांधावरून ओरडले, "बैलाच्या पायाकडं काय बघायलास? त्या लिंबाकडं बघ की!" समोरच्या बांधावर लिंबाचं झाड होतं. नजर तिथे गेली आणि दहा पावलांत तास सुधारला. हात काय करत होते ते मला सांगता आलं नसतं. नजर लांब गेल्यावर ते आपले आपण करत होते.

पुढे दहा-बारा वर्षांनी एका फ्लाइंग क्लबात मी पुष्पक विमानात बसलो. पुष्पकला डोपचा वास यायचा. कापड ताणून बसवायचं ते रसायन. कडक उन्हात तो वास डोक्यात जायचा. कापडावर टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज. सुरू करताना एकाने पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवायचा. जमिनीवर विमान शेपटीवर बसलेलं असल्यामुळे नाक वर, समोरची धावपट्टी नीट दिसायची नाही, म्हणून चालवत नेताना नागमोडी न्यायचं आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंनी डोकवायचं. उड्डाणाला इंजिन पुढे केलं की पंख्याच्या पिळामुळे नाक डावीकडे पळायचं. उजवा पाय तयार पाहिजे. शेपटी वर उचलली की आणखी एक हिसका. आणि उतरताना, जमीन अगदी जवळ आल्यावर, नाकापुढची माती बघायची नाही, धावपट्टीचं दूरचं टोक बघायचं. आमचे शिक्षक हे सांगत होते आणि माझ्या कानात बांधावरून आलेली हाक वाजत होती.

तरी ग्राउंड लूप केलाच. एकट्याने उडायला लागून काही दिवस झाले होते, म्हणजे वैमानिकाला आपण शिकलो असं वाटायचे ते दिवस. डावीकडून हलका वारा. तिन्ही चाकं एकदम टेकली, उडीसुद्धा मारली नाही. मी स्वतःवर खूश झालो आणि पाय सैल सोडले. वारा शेपटीच्या उभ्या पात्यावर बसला, वातकुक्कुटासारखं नाक वाऱ्याकडे डावीकडे वळलं. मला दिसलं, पण पाय हलला तेव्हा उशीर झाला होता. पुढच्या तीन सेकंदांत विमान धावपट्टीवरून गवतात गेलं, अर्धं वर्तुळ फिरलं आणि उजव्या पंखाचं टोक माती उकरत थांबलं. धूळ बसेपर्यंत मी तसाच बसून होतो. शिक्षक चालत आले. पंखाच्या टोकाला अडकलेलं गवत काढलं आणि म्हणाले, "गवत चांगलं कापलंस." मग जरा वेळाने, "अरे, विमान थांबलं, इंजिन बंद झालं, दोर बांधला, की मग पाय काढायचे पेडलवरून." कापडाला ठिगळ लागलं. ते ठिगळ पुढची दोन वर्षं रोज मला दिसत होतं, आणि त्याने जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कशाने शिकवलं नाही.

त्या पुष्पकचा जन्मदाता मराठी माणूस होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्र शिकून डॉक्टरेट घेतली. विमानाच्या पंखालगत हवेचा पातळ थर कसा वागतो, हे जगाला ज्या प्रांटलनी समजावलं, तेच हे. परत आल्यावर घाटगे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले. 1940 सालचा तो कारखानाही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने उभा राहिलेला. तिथे घाटगे यांनी एचटी-2 आखलं: मागे-पुढे दोन जागा, 155 अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन, शेपटीखाली चाक, आणि हवेत कोलांट्या घेता येतील अशी बांधणी. ऑगस्ट 1951 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. स्वतंत्र भारतात आखलेलं नि बांधलेलं ते पहिलं विमान म्हणून ओळखलं जातं. हवाई दलाचे किती तरी वैमानिक आधी त्यावर शिकले आणि मग जेटवर गेले. घानालाही ती विमानं विकली गेली. पुष्पक 1958 मध्ये उडालं आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पसरलं. शेतीच्या फवारणीपासून लष्कराच्या टेहळणीपर्यंत चालेल असं कृषक नावाचं विमानही त्यांचंच, तेही शेपटीच्या चाकाचं.

मराठीत विमानाचा विषय निघाला की चौपाटी, 1895 आणि शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट निघते. ती गोष्ट सांगणाऱ्याशी मी भांडत नाही, पण तिला टिकेल असा पुरावा नाही. ज्यांच्या विमानांत बसून या देशातली माणसं खरोखर उडायला शिकली त्या घाटग्यांचं नाव मात्र शंभरातल्या दोघांनाही सांगता येत नाही. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलेलं पस मॉथही शेपटीवर टेकून उभं राहणारंच होतं. पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. वय झालं म्हणून पाय झोपत नाहीत, याला एवढा दाखला पुरे.

आता कोलांट्यांकडे येतो. हवेतल्या कसरती म्हटलं की लोकांना सूर्यकिरण आठवतं, बिदरहून येणारी ती नऊ विमानं, धुराच्या रेघा, गर्दी. तो वेगळा प्रांत. शिकणाऱ्याने कसरत करायची ती कोणाला दाखवायला नाही, तर विमान वेडंवाकडं झाल्यावर आपण कुठे आहोत आणि हातापायांनी काय करायचं हे अंगात मुरावं म्हणून. पण जगालाही हे लगेच पटलं नव्हतं. प्योत्र नेस्तेरोव्ह या रशियन अधिकाऱ्याने 1913 मध्ये कीव्हवर पहिल्यांदा विमानाचं उभं वर्तुळ काढलं, तेव्हा सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला आधी अटकेची शिक्षा झाली. बढती नंतर मिळाली. हा क्रम मला कुठल्याही सरकारी खात्याचा वाटतो.

त्या काळात वैमानिकाला सगळ्यात मोठी भीती स्पिनची होती. एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल झाला की विमान त्या बाजूला पडतं आणि झाडावरून सुटलेल्या भिरभिऱ्यासारखं फिरत खाली येतं. त्यातून सुटका आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. ऑगस्ट 1912 मध्ये ब्रिटनच्या नौदलातला लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क स्पिनमध्ये सापडला. त्याने दांडा ओढून पाहिला, ज्या बाजूला विमान फिरत होतं त्याच बाजूचा रडर देऊन पाहिला, काही उपयोग झाला नाही. शेवटी सगळे उपाय संपल्यावर त्याने उलट्या बाजूचा पाय पूर्ण दाबला आणि जमिनीपासून पन्नासेक फुटांवर विमान सरळ झालं. आज जगभर शिकवला जाणारा उपाय त्या हताश पायात होता. दुर्दैवाने पार्क त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या अपघातात गेला.

उपाय सापडणं एक आणि तो शिकवणं दुसरं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची कित्येक मुलं शत्रूपर्यंत पोचायच्या आत शिकतानाच मरत होती. मुंबईचे लेफ्टनंट वेलिंकर त्याच काळात त्या दलात गेले. ते आघाडीपर्यंत पोचले, डॉल्फिन विमान घेऊन लढले आणि जून 1918 मध्ये फ्रान्सच्या भूमीवर गेले. 1917 साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या मेजरने गॉस्पोर्टला शिकवण्याची रीतच उलटी केली. तोवर शिक्षक विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवत. स्मिथ-बॅरीने दोन्हीकडे दांडा-पेडल असलेली ॲव्हरो 504 विमानं घेतली, शिक्षकाचा आवाज विद्यार्थ्याच्या कानापर्यंत नेणारी साधी नळी बसवली, आणि सांगितलं की विद्यार्थ्याला मुद्दाम स्पिनमध्ये न्या, आडव्या वाऱ्यात उतरवा, त्यातून बाहेर काढा, पुन्हा न्या. माझ्या मते विमान शिकवण्याच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट घडलेली नाही.

माझा पहिला स्पिन सेसना 152 मध्ये झाला. पाच हजार फुटांवर गेलो. आमच्याकडे दांड्याऐवजी छोटं चाक होतं, काम तेच. इंजिन कमी केलं, नाक वर उचलत नेलं, वेग ओसरला, पंखातली शिट्टी रडवेल्या पिपाणीसारखी वाजायला लागली. शिक्षक म्हणाले, "आता डावा पाय, पूर्ण." मी दाबला. विमान डावीकडे पालथं झाल्यासारखं झालं आणि काचेत आभाळ राहिलंच नाही. सगळी जमीन. वावरं, विहिरी, एका नदीचं वळण, आणि हे सगळं जात्याच्या खुंट्याभोवती फिरल्यासारखं. नदीचं वळण एकदा गेलं, दोनदा गेलं. माझे दोन्ही हात चाक पोटाशी ओढून बसले होते. मी ओढतोय हे मला कळलं ते शिक्षकांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली तेव्हा. मग पाठ केलेलं सगळं क्रमाने केलं: इंजिन कमीच, चाक मधोमध, उजवा पाय शेवटपर्यंत, आणि चाक पुढे. पुढे ढकलणं हे मी आजवर केलेलं सगळ्यात अनैसर्गिक काम. एक क्षण काही झालं नाही. मग जातं थांबलं, एकदम, कोणी खुंटा धरल्यासारखं. पाय मोकळे, हळूच नाक वर. एक फेरी आणि तिच्यातून बाहेर येणं मिळून हजारेक फूट जातात असं पुस्तक सांगतं. आम्ही त्याहून जास्त गमावले, कारण मी ओढून बसलो होतो. शिक्षक म्हणाले, "आता उजवीकडे." चौथ्या खेपेला हात ओढायचे थांबले.

हजार फूट खर्चायला हजार फूट हाताशी असावे लागतात. म्हणून धावपट्टीकडे शेवटचं वळण घेतानाची जागा सगळ्यात घातकी. उंची चार-पाचशे फूट. वळण चुकलं, धावपट्टी ओलांडली जाते असं वाटतं, कल वाढवायची भीती वाटते, म्हणून नवशिका आतल्या पायाने नाक वळवायला बघतो आणि हाताने ओढतो. स्पिनसाठी जे दोन घटक लागतात, स्टॉल आणि घसरण, ते दोन्ही त्याने स्वतः आणून दिलेले असतात. या एका वळणावर पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे आणि वाचकाने ते दोनदा वाचावं अशी माझी विनंती आहे.

कोणी म्हणेल, मोठ्या विमानात संगणक असतो, तिथे हे हवं कशाला? 1 जून 2009 च्या रात्री एअर फ्रान्सचं एअरबस ए-330 विमान रिओहून पॅरिसला जात असताना वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने काही वेळ बुजल्या. ऑटोपायलट सुटला. विमान धड होतं. उजवीकडच्या वैमानिकाने दांडा मागे ओढला आणि बहुतेक वेळ ओढूनच ठेवला. 38 हजार फुटांवरून ते स्टॉल होऊन साडेतीनेक मिनिटांत अटलांटिकमध्ये पडलं. 228 माणसं गेली. माझ्या मनगटावर टिचकी मारणारं कोणी होतं, त्याच्या नव्हतं. त्याच साली फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ पडलेल्या विमानातही कप्तानाने स्टॉलचा इशारा मिळाल्यावर दांडा ओढला होता.

याच्या उलट 23 जुलै 1983. एअर कॅनडाच्या बोइंग 767 मधलं इंधन 41 हजार फुटांवर संपलं. किलो आणि पौंड यांचा घोळ. कप्तान बॉब पिअर्सन सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवणारा माणूस. जुन्या गिमली तळाच्या धावपट्टीवर पोचताना उंची जास्त होती, दुसरी फेरी मारायला इंजिन नव्हतं. त्याने दांडा एका बाजूला आणि रडर विरुद्ध बाजूला देऊन ते धूड हवेत तिरकं घसरवलं, उंची मोडली आणि उतरवलं. विमानात 69 जण होते, सगळे जगले. शेपटीच्या चाकाचं छोटं विमान उडवणारा विद्यार्थी हे घसरणं पहिल्या काही तासांत शिकतो.

पण पाय म्हणजे लाथा नव्हेत, हेही इथेच सांगून ठेवतो. 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ए-300 विमान पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात हेलकावलं. वैमानिकाने रडर डावा-उजवा, डावा-उजवा, पूर्ण दाबला, आणि शेपटीचं उभं पातंच उखडून गेलं. विमानातले 260 आणि जमिनीवरचे 5 जण गेले. मोठ्या विमानात पाय जवळजवळ काहीच करत नाहीत, आणि तसंच असायला हवं. कधी काही करायचं नाही हे ज्याच्या पायांना कळतं तो मला शिकलेला वाटतो.

अमेरिकेने 1949 साली खासगी वैमानिकाच्या अभ्यासक्रमातून स्पिन काढून टाकला. शिकताना फार मुलं मरतात हे कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. साठ-सत्तर वर्षांनी चक्र अर्धं परत फिरलं. युरोपात 2019 च्या डिसेंबरापासून व्यावसायिक वैमानिक होऊ पाहणाऱ्याला वेड्यावाकड्या झालेल्या विमानातून बाहेर यायचं किमान तीन तासांचं प्रत्यक्ष शिक्षण सक्तीचं आहे. तीन तास! आमच्याकडे तीन तासांत तिफण सुद्धा हातात देत नाहीत. पण नसण्यापेक्षा बरं.

बारामती, धुळे, गोंदियाजवळचं बिरसी इथे आज आपली मुलं शिकतात. भोकरदन-जाफराबादकडची पोरंही जातात, बाप वावर गहाण टाकतो. विमानं चांगली आहेत, पुढे रंगीत पडदे आहेत, नकाशा आपोआप सरकतो. चाक नाकाखाली. दोनशे तास भरले की परवाना, मग जेट. त्या मुलाने या सगळ्या काळात पाय फक्त ब्रेक मारायला वापरलेले असू शकतात. डेकॅथलॉन किंवा सिटाब्रियासारखं, शेपटीचं चाकही असलेलं आणि कोलांटीही घेणारं विमान आपल्याकडे सामान्य विद्यार्थ्याला सहजी मिळत नाही. (सिटाब्रिया हे इंग्रजी अक्षरांत लिहून उलटं वाचलं की एअरबॅटिक होतं, नाव ठेवणाऱ्यानेही कोलांटीच मारली.) परदेशी जाऊन दहा तास करणं सगळ्यांना परवडत नाही. त्यांना मी हडपसर सांगतो. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडरला इंजिन नाही, म्हणून दुसऱ्यांदा उतरायची संधी नाही. पंख लांबलचक, म्हणून नाकाचा उलटा हट्ट जबर. काचेवर बाहेरून लोकरीचा वीतभर धागा चिकटवलेला असतो. पाय बरोबर असेल तर धागा सरळ मागे, चुकला तर धागा तिरका. लाखोंची यंत्रं जे सांगतात ते चार आण्याचा धागा सांगतो, आणि तो कधी नादुरुस्त होत नाही.

या पुस्तकाची मांडणी थोडी आडमुठी आहे. पहिली तीन प्रकरणं जमिनीवर चालवत नेण्याची आहेत. विमान चौथ्या प्रकरणात उडतं आणि पाचव्यात उतरतं. स्पिन नवव्यात, कोलांट्या त्याच्या पुढे. एका मित्राने हस्तलिखित वाचून कळवलं की तीन प्रकरणं विमान धावपट्टीवर नागमोडी फिरवण्यात गेली तर वाचक कंटाळेल, उड्डाण आधी घ्या. मी त्याला बांधावरचा लिंब सांगितला, गवतातला तो अर्धा गोल सांगितला. त्याला पटलं नाही. प्रकरणांचा क्रम मी तसाच ठेवला आहे.